सदाशिवराव भाऊ आणि उदगीरची चकमक

मराठी भाषेंत चकमक हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. आगकाड्या घरोघर येण्यापूर्वीं ज्या गारेवर पोलादाचा तुकडा आपटून विस्तव पाडीत, तिला चकमक म्हणत. आणि दोन फौजांच्या आघाडीच्या टोळ्या एकमेकींस गांठून थोडी झटापट झाली, तर तिलाही चकमकच म्हणतात. हे दोन अर्थ एका शब्दांत ज्यांनीं गोंवले त्या आमच्या पूर्वजांस युद्धाचें मर्म चांगलें कळलें होतें, असें आम्हांस वाटतें. ठिणगी पडते तेव्हां ती एवढीशी असते. तिजपासून चूल पेटेल कीं रान पेटेल, हें ठिणगीकडे पाहून कोणासही सांगतां येत नाहीं. तें वाऱ्यावर आणि आसपासच्या गवतावर अवलंबून असतें.

प्रस्तुत लेखांत ज्या पुरुषाचें चरित्र आम्ही थोडक्यांत सांगणार आहों, त्याच्या आयुष्याचा अर्थ या एका शब्दांत सांठविलेला आहे. पानिपतच्या रणांत पडलेले सदाशिवराव भाऊ यांचें नांव ऐकलें नाहीं असा महाराष्ट्रीय विद्यार्थी विरळा. परंतु ज्या विजयाच्या भरंवशावर ते पानिपतास गेले, तो विजय त्यांस आमच्याच या मराठवाड्यांत, नांदेडच्या दक्षिणेस, उदगीर व औसा यांच्या मुलखांत मिळाला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. उदगीरचा किल्ला पाहावयास जाणारे आमचे विद्यार्थिबंधु खंदक पाहतात, तट चढतात आणि माघारीं येतात. त्या तटाबाहेरच्या माळावर काय घडलें, आणि जें घडलें त्यापासून काय शिकावयाचें राहून गेलें, हें सांगावें असा आमचा हेतु आहे.

सदाशिवराव यांचा जन्म १७३० सालच्या ऑगस्ट महिन्यांत झाला. थोरले बाजीराव पेशवे यांचे धाकटे बंधु चिमाजीआप्पा हे त्यांचे वडील व रखमाबाई ह्या त्यांच्या मातुश्री. मूल महिन्याचें होतें न होतें तोंच आई निवर्तली. चिमाजीआप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून वसईचा किल्ला घेतला, तेव्हां मुलगा पुरता नऊ वर्षांचाही नव्हता. पुढच्याच वर्षीं एप्रिलांत चुलते बाजीराव व डिसेंबरांत खुद्द चिमाजीआप्पा कालवश झाले. दहा वर्षांच्या वयांत पोरका झालेला हा मुलगा आजी राधाबाई यांच्या मायेखालीं आणि चुलतबंधु बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या छत्राखालीं वाढला. रामचंद्रबाबा शेणवी या कसलेल्या मुत्सद्द्यानें त्यांस राजकारणाचे धडे दिले. लिहिण्यांत, जमाखर्चांत व कारभाराच्या बारकाव्यांत भाऊसाहेब लवकरच तरबेज झाले. त्याबरोबर थोडा ताठरपणाही त्यांच्या अंगीं आला. आईबापांवेगळ्या मुलांत असा ताठरपणा पुष्कळदां दिसतो. आपली जागा आपणच राखली पाहिजे, ही जाणीव त्यांस फार लवकर होते.

सोळा वर्षांचे असतांना, १७४६ सालच्या अखेरीस, भाऊसाहेब पहिल्या मोहिमेवर कर्नाटकांत गेले. महादोबा पुरंदरे व सखारामबापू बोकील हे जाणते कारभारी बरोबर होते. मोहीम यशस्वी झाली. १७५० सालीं सांगोल्यास यमाजी शिवदेवानें पेशव्यांविरुद्ध उठावणी केली, ती भाऊसाहेबांनीं छत्रपति रामराजे यांस बरोबर नेऊन मोडली. आणि तेथेंच जो करार झाला, त्यानें मराठी राज्याच्या कारभाराचें खरें बळ साताऱ्याहून पुण्यास आलें. वीस वर्षांच्या तरुणाच्या हातून झालेलें हें काम लहान नव्हतें.

मग त्यांनीं दिवाणगिरी मागितली. ती मिळेना, तेव्हां कोल्हापूरकरांकडे पेशवेपद पत्करण्याचें बोलणें सुरू झालें. पेशव्यांचें घर फुटण्याची वेळ आली. अखेर महादोबा पुरंदरे यांनीं आपण होऊन आपली जागा मोकळी केली आणि भाऊसाहेब दिवाण झाले. घरांत ठिणगी पडली होती, परंतु एका समजूतदार गृहस्थानें आसपासचें गवत वेळींच बाजूस सारलें, म्हणून ती जागच्या जागीं विझली. आमच्या वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. इतिहासांत पेटलेल्या ठिणग्यांचीं नांवें राहतात. विझविलेल्या ठिणग्यांचीं फारशीं राहत नाहींत.

पुढील नऊ वर्षें भाऊसाहेबांनीं पुण्याचा कारभार कडक शिस्तीनें चालविला. याच काळांत एका नव्या शस्त्रानें त्यांचें मन ओढून घेतलें. १७५६ सालीं सावनूरच्या वेढ्यांत निजाम हा पेशव्यांच्या बाजूस होता व त्याचा फ्रेंच सेनापति बुसी आपला तोफखाना घेऊन आला होता. जो किल्ला घोडेस्वारांच्यानें वांकेना, तो बुसीच्या तोफांपुढें वांकला. तोफा आणि कवायती पायदळ यांचें बळ भाऊसाहेबांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिलें. बुसीच्या पद्धतींत तयार झालेला इब्राहिमखान गारदी हा सरदार निजामअल्लीच्या पदरीं होता. तो पुढें मराठ्यांकडे आला आणि भाऊसाहेबांनीं त्यास आपलासा केला. मुजफरखान नांवाच्या दुसऱ्या एका गारदी सरदारानें १७५९ सालच्या ऑक्टोबरांत पुण्यास भाऊसाहेबांचा जीव घेण्याचा कट केला. त्यांतून ते थोडक्यांत वांचले व मुजफरखानास देहान्त शिक्षा झाली. तरीही गारद्यांवरील त्यांचा विश्वास ढळला नाहीं. एका माणसाच्या दगलबाजीवरून त्याच्या सर्व जातीस दोष द्यावयाचा नाहीं, एवढा विवेक त्यांच्या ठायीं होता. आणि इब्राहिमखानानें पुढें मरेपर्यंत इमान राखून तो विवेक खरा करून दाखविला.

आतां आम्ही उदगीरकडे वळूं. या युद्धाची ठिणगी अहमदनगरास पडली. १७५९ सालच्या नोव्हेंबरांत नगरचा निजामी किल्लेदार कवीजंग यानें द्रव्य व जहागीर घेऊन किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन केला. एक गोळी न सुटतां एक किल्ला हातचा गेला, आणि त्यावरून निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअल्ली हे युद्धास उभे राहिले. १७६० सालच्या जानेवारींत त्यांची फौज बेदराकडून उदगीरच्या बाजूस आली. धारूरास त्यांची आणखी फौज होती. ती येऊन मिळाली असती तर पारडें फिरलें असतें. म्हणून धारूरची वाट गांठावयाची हा निजामाचा डांव, आणि ती वाट तोडावयाची हा भाऊसाहेबांचा डांव होता.

निजामाची फौज गोल बांधून चालत असे. मध्यें सामानसुमान व मुख्य माणसें, भोंवतीं तोफा आणि पायदळ. असा गोल म्हणजे चालता किल्लाच. तो फोडणें कठीण. पण त्याची चाल गोगलगाईची असते, आणि किल्ल्यांतील माणसास जसें अन्न लागतें तसें गोलांतील माणसासही लागतें. मराठी घोडेस्वार गोलाच्या चहूंबाजूंस घिरट्या घालूं लागले. दाणा नाहीं, वैरण नाहीं, मागें पडलेला माणूस परत येत नाहीं, अशी निजामाच्या लष्कराची अवस्था झाली. उदगीरच्या आसपास जानेवारीच्या उत्तरार्धांत या झटापटी चालू झाल्या व फौजा लढत लढत औशाकडे सरकत गेल्या. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं मराठ्यांनीं गोलाच्या एका अंगावर निकराचा हल्ला करून तो फोडला. इब्राहिमखानाच्या तोफांनीं त्याच्या जुन्या धन्याच्याच फौजेवर मारा केला. निजामानें तह मागितला. सुमारें साठ लक्ष रुपयांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखीं नामांकित ठाणीं मराठ्यांकडे आलीं. भाऊसाहेब त्या वेळीं एकोणतीस वर्षांचे होते.

येथें थोडें थांबून आम्ही एक प्रश्न विचारतों. उदगीरचा विजय कशानें मिळाला? तोफांनीं मिळाला, असें उत्तर त्या वेळीं सर्वांनीं दिलें, आणि तें खोटें नव्हतें. पण तें अर्धेंच होतें. ज्या बुसीनें निजामाचा तोफखाना नांवारूपास आणला त्यास फ्रेंचांचा गव्हर्नर लाली यानें १७५८ सालींच हैदराबादेहून परत बोलाविलें होतें. म्हणजे निजामाच्या तोफा राहिल्या होत्या, पण त्यांमागचें डोकें गेलें होतें. रणांगण पेशव्यांच्या घरापासून कांहीं मजलांवर होतें. नगर नुकतेंच हातीं आलें होतें. मागून दाणा, पैका व माणसें येण्याची वाट मोकळी होती. गोल फोडला तोफांनीं आणि भाल्यांनीं; पण फोडण्याइतका तो पोकळ झाला तो उपासमारीनें. विजयी पुरुषास आपल्या शस्त्राचा खणखणाट ऐकूं येतो, शत्रूच्या रिकाम्या पोटाचा आवाज ऐकूं येत नाहीं. उदगीरच्या माळावर दोन धडे लिहिलेले होते. एक तोफांचा आणि एक भाकरीचा. भाऊसाहेबांनीं पहिला धडा पाठ केला.

इकडे हें चाललें असतां उत्तरेंत दुसरी एक ठिणगी पडून गेली होती. १७५८ सालीं रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांनीं लाहोरापर्यंत मजल मारली होती; त्यामुळें पंजाब आपला समजणारा अफगाणांचा बादशहा अहमदशहा अब्दाली चिडला. दत्ताजी शिंदे हे गंगेकांठीं शुक्रताल येथें नजीबखान रोहिल्यास वेढून बसले असतां अब्दाली पंजाबांत उतरला. २४ डिसेंबर १७५९ रोजीं ठाणेश्वराजवळ तरावडी येथें दत्ताजीच्या व अब्दालीच्या आघाडीच्या तुकड्यांची गांठ पडली. लढाई लहानशी होती. मराठे प्रथम सरसावले, पण बंदुकांच्या माऱ्यांत सांपडून मागें हटले. त्यानंतर १० जानेवारी १७६० रोजीं, दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या बुराडी घाटावर, नजीबखानाचे रोहिले शेरण्यांच्या व लव्हाळ्यांच्या आडून नदी उतरून आले. मराठ्यांच्या हातांत भाले व तरवारी, रोहिल्यांच्या हातांत बंदुका. दत्ताजी पडले, त्यांचा तरुण पुतण्या जनकोजी गोळी लागून जखमी झाला. हजारो माणसांच्या मोठ्या मोहिमांच्या मानानें बुराडीचा प्रसंग एका घाटावरचा, कांहीं घटकांचा. परंतु पुढें वर्षभर जो वणवा पेटला, त्याची ठिणगी तीच.

बुराडीचा घाट आणि औशाचा माळ यांच्यामध्यें अर्धा हिंदुस्थान पसरला आहे. पण दोन्ही प्रसंगांत अवघ्या चोवीस दिवसांचें अंतर आहे. एका ठिकाणीं मराठ्यांनीं एक शूर सरदार गमावला, दुसऱ्या ठिकाणीं साठ लक्षांचा मुलूख मिळविला. आणि एकाची वार्ता दुसऱ्याच्या विजयोत्सवांत येऊन थडकली. गोदावरीच्या उत्तरेस, हल्लीच्या जालना जिल्ह्यांत, परतूर नांवाचें गांव आहे. जुन्या कागदांत त्यास पडदूर म्हणतात. तेथें पेशव्यांची छावणी पडली व उत्तरेंत कोणास पाठवावयाचें याचा विचार झाला. दादासाहेबांस उत्तरेची माहिती होती; पण मागील मोहिमेंतून ते कर्जाचा बोजा घेऊन परतले होते व त्या हिशेबावरून त्यांचें आणि भाऊसाहेबांचें वितुष्ट आलें होतें. तेव्हां उदगीरचा विजयी वीर म्हणून भाऊसाहेबांचेंच नांव पुढें आलें. नानासाहेबांचे वडील चिरंजीव विश्वासराव, वय अवघें सतरा-अठरा, हे बरोबर दिले गेले. इब्राहिमखान आपल्या तोफा घेऊन निघाला. बुराडीस बंदुकांपुढें भाले हरले, उदगीरास तोफांपुढें गोल फुटला. दोन्ही चकमकींचा बोध एकच दिसला, कीं यापुढें तोफा व गारदी हेच तारतील. १७६० च्या मार्च महिन्याच्या मध्यास परतूरहून उत्तरेकडे कूच झालें. उत्तर हिंदुस्थान भाऊसाहेबांनीं तोंपर्यंत पाहिलेला नव्हता.

या कूचांत लढणाऱ्या लोकांबरोबर काशी-कुरुक्षेत्राची यात्रा साधूं पाहणारे यात्रेकरू, सरदारांचे कुटुंबकबिले व बाजारबुणगे यांचा फार मोठा जमाव होता. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई ह्याही होत्या. जड तोफा आणि बायकामुलें मागें कोठें तरी सुरक्षित ठेवावीं आणि हलक्या घोडदळानें गनिमी पद्धतीनें लढावें, असा सल्ला सुरजमल जाट व मल्हारराव होळकर यांनीं दिला असें सांगतात. भाऊसाहेबांनीं तो मानला नाहीं. त्यांस आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. ज्या पद्धतीनें दत्ताजी पडले, तीच पुनः पत्करा, असें त्यांस तें वाटलें असावें. आणि ज्या पद्धतीनें आपण स्वतः जिंकलों ती टाकून द्यावयाची, हें कोणाही माणसास सोपें नसतें.

२ ऑगस्ट १७६० रोजीं दिल्ली हातीं आली. पण दिल्लींत दाणा नव्हता, पैका नव्हता. पुण्याहून मदत वेळेवर येईना. दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत उतरवून त्याचीं नाणीं पाडण्याची पाळी आली. सुरजमल सोडून गेला. उदगीरास ज्याची कधीं चिंता करावी लागली नव्हती, ती भाकरीच आतां रोज सकाळीं दारांत उभी राहूं लागली.

अशा वेळीं आणखी एक लहान विजय मिळाला. दिल्लीच्या उत्तरेस यमुनेकांठीं कुंजपुरा नांवाचें अफगाणांचें ठाणें होतें. तेथें अब्दालीसाठीं धान्य व द्रव्य सांठविलेलें होतें. १७ ऑक्टोबर रोजीं इब्राहिमखानाच्या तोफांनीं तें ठाणें फोडलें. बुराडीवर दत्ताजीचा शिरच्छेद करणारा कुतुबशहा तेथें सांपडला व मारला गेला. धान्य मिळालें, सूड मिळाला, आणि तोफांवरील श्रद्धा दुणावली. पण कुंजपुरा घेण्यासाठीं फौज दिल्लीपासून दूर उत्तरेस गेली होती. मराठे कुरुक्षेत्राकडे निघाले असतां अब्दालीनें ऑक्टोबरच्या अखेरीस बागपताजवळ भरल्या यमुनेंतून आपलें सैन्य पार केलें आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. दिल्ली मागें राहिली. पुणें त्याहून मागें राहिलें. भाऊसाहेब माघारीं वळले आणि पानिपतास खंदक खणून बसले.

आतां वाचकांनीं उदगीरचें चित्र पुनः डोळ्यांपुढें आणावें. तेथें मध्यें सामानसुमान, भोंवतीं तोफा, आणि बाहेर घिरट्या घालणारे शत्रूचे स्वार असा देखावा होता. पानिपतास तोच देखावा होता. फक्त माणसें बदललीं होतीं. गोलाच्या आंत आतां निजाम नव्हता, भाऊसाहेब होते. बाहेर घिरट्या घालून दाणावैरण तोडणारे स्वार आतां मराठे नव्हते, अफगाण होते. नोव्हेंबर व डिसेंबरांत पुनः चकमकी झाल्या. २२ नोव्हेंबर रोजीं जनकोजीनें शत्रूस चांगलाच हात दाखविला. ७ डिसेंबर रोजीं बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यांत दोआबांतून रसद पाठविण्याची खटपट करणारे वृद्ध गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाण्याची उरलीसुरली वाट बंद झाली. जनावरें तडफडून मेलीं, माणसें उपाशी पडलीं. उदगीरच्या माळावर जो धडा शत्रूच्या वांट्यास आला होता, तो अकरा महिन्यांनीं विजेत्याच्या वांट्यास आला.

अखेर १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी मराठी सैन्य खंदकांतून बाहेर पडलें. बायकामुलांस मध्यें घेऊन, तोफा पुढें करून, गोल बांधून लढत लढत दिल्लीची वाट काढावयाची असा बेत होता. म्हणजे निजामानें धारूरची वाट जशी धरली होती, अगदीं तशीच. सकाळीं इब्राहिमखानाच्या तोफांनीं रोहिल्यांची फळी उधळून लावली. मध्यभागीं भाऊसाहेबांच्या हुजुरातीनें अब्दालीच्या वजिरास मागें रेटलें. दोन प्रहरपर्यंत विजय कोणाचा हें सांगतां येत नव्हतें. मग अब्दालीनें राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांच्या पाठीवरील लहान तोफा, ज्यांस जंबुरे म्हणतात, त्या पुढें आल्या. जेथें हवें तेथें उंटांबरोबर त्या फिरत. मराठ्यांच्या जड तोफा मात्र जागच्या हलेनात. गोळी लागून विश्वासराव पडले. तें पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दींत शिरले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. आपणांस परत फिरावयास वाट होती. भाऊसाहेबांनीं ती धरली नाहीं. वयाच्या एकतिसाव्या वर्षीं ते तेथेंच पडले. दुसऱ्या दिवसांत सांपडलेल्या त्यांच्या देहास अयोध्येच्या सुजाउद्दौल्याच्या खटपटीनें अग्निसंस्कार मिळाला. इब्राहिमखान पकडला गेला व मारला गेला. जनकोजीचीही तीच गति झाली.

त्यानंतरची हकीकत दुःखाची आहे. पुत्राचा व बंधूचा शोक करीत नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ रोजीं पुण्यास पर्वतीवर वारले. पार्वतीबाई जीव वांचवून परत आल्या. पति मेला हें त्यांनीं कधींच मानलें नाहीं, आणि १७८३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या सौभाग्यचिन्हें धारण करून राहिल्या. त्यांच्या या आशेवर एका तोतयानें आपलें बंड उभारलें. त्याचा निकाल १७७६ सालीं लागला. आणि ज्या निजामअल्लीनें उदगीरास मान खालीं घातली होती त्यानें पानिपतची वार्ता ऐकतांच पुनः डोकें वर काढलें. उदगीरास मिळालेल्या मुलखापैकीं पुष्कळसा थोड्याच काळांत परत द्यावा लागला. निजाम व पेशवे यांचा झगडा १७६३ सालीं गोदावरीकांठीं राक्षसभुवनास आणि १७९५ सालीं खर्ड्यास पुनः पेटला. म्हणजे उदगीरची लढाई जिंकली गेली, तरी ठिणगी विझली नव्हती.

सदाशिवरावांस कोणी गर्विष्ठ म्हणतात, कोणी दुर्दैवी म्हणतात. आम्हांस ते या दोहोंपेक्षां निराळे दिसतात. ते कष्टाळू होते, हिशेबाचे चोख होते, प्राणापेक्षां शब्दास जपणारे होते. त्यांचें चुकलें तें एवढेंच, कीं पहिल्या परीक्षेंत ज्या उत्तरानें गुण मिळाले, तेंच उत्तर त्यांनीं दुसऱ्या प्रश्नासही लिहिलें. ही चूक शूर व हुशार माणसांच्याच हातून होते. कारण पहिल्या परीक्षेंत नापास झालेला मनुष्य आपलें उत्तर तपासून पाहतो, पास झालेला पाहत नाहीं. बुराडीच्या पराभवाचा शोध सर्वांनीं घेतला. उदगीरच्या विजयाचा शोध कोणी घेतला नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांच्या आयुष्यांतही असे लहान विजय येतील. सहामाहींत पहिला नंबर येईल, खेळांत पहिला सामना सहज जिंकला जाईल, वर्गांतील एखाद्या भांडणांत आपला आवाज वरचढ ठरेल. त्या दिवशीं संध्याकाळीं आनंद अवश्य करावा. पण निजण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा, कीं हें यश माझ्या तरवारीचें किती, आणि समोरच्याच्या रिकाम्या पोटाचें किती. आणि भांडणाची ठिणगी पडलीच असेल, तर महादोबा पुरंदऱ्यांप्रमाणें आसपासचें गवत बाजूस सारणारा कोणी तरी असावा. तो आपणच असलों तर फार उत्तम.

उदगीरचा किल्ला अजून उभा आहे. आमच्या बालमित्रांनीं पुढच्या सुट्टींत तेथें जावें, तटावर चढून पश्चिमेस औशाच्या दिशेनें पाहावें. पावसाळा सरल्यावर त्या मुलखांत ज्वारीचीं शेतें वाऱ्यावर डुलत असतात. जी भाकर निजामास त्या माळावर मिळाली नाहीं आणि भाऊसाहेबांस पानिपतावर मिळाली नाहीं, ती तेथें उभ्या शेतांत दिसेल. तिच्याकडे पाहतांना उदगीरच्या माळावरचा तो दुसरा धडा आठवावा.